कोरड्या गांवांतील ओलीं घरें

सोलापूरचें नांव निघालें कीं ऊन, धूळ आणि पाण्याची टंचाई यांचीच आठवण प्रथम होते. कोंकणाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही येथें पाऊस कमी, आणि वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर चढलेला. अशा गांवीं घरांतील ओल आणि बुरशी यांपासून प्रकृतीस अपाय होतो असें कोणीं सांगितल्यास ऐकणारा हंसेल. ही तक्रार रत्नागिरीस शोभावी, महाबळेश्वरास शोभावी. सोलापुरास तिचें काय काम?

परंतु शहराच्या पूर्व भागांतील विणकराच्या एखाद्या जुन्या घरांत डोकावून पाहावें. पुढच्या खोलींत माग, मागच्या खोलींत संसार. खिडकी बंद, कारण वाऱ्यानें सूत सुकतें. जमिनीवर पाणी शिंपडलेलें. कोपऱ्यांत पाण्यानें भरलेलीं पिंपें. भिंतीच्या पायथ्याशीं लोणा लागून गिलावा सुटलेला, आणि वळकटी ठेवलेल्या कोपऱ्यांत करड्या-काळ्या ठिपक्यांची नक्षी. त्याच भिंतीस पाठ लावून लेकरूं निजतें आणि पहांटे खोकत उठतें. आई म्हणते, हवा बदलली. हवा बदललेली नसते. ती खोलीच्या बाहेर गेलेलीच नसते.

याचें मूळ धंद्यांत आहे. कापसाचें सूत ओलसर हवेंत बळकट राहतें, कोरड्या हवेंत ठिसूळ होऊन तटातट तुटतें. विणाईच्या शाळेंत हवेची सापेक्ष आर्द्रता शेंकडा ७५ ते ८० असावी, असें या धंद्यांतील जाणते मानतात. इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांत गिरणीवाले याचसाठीं विणाईखात्यांत वाफ सोडीत. तिचा त्रास इतका वाढला कीं १८८९ मध्यें कायदा करून तीस मर्यादा घालावी लागली. सोलापुरांत १८७७ मध्यें पहिली कापड गिरणी सुरू झाली. गिरण्यांबरोबर आणि त्यांच्याही आधीं तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं येथें घरोघर माग मांडले. हातमागाचा विणकर खड्ड्यांत पाय सोडून बसे, कारण भूमीचा गारवा ताण्यास मानवे. पुढें यंत्रमाग आले, सोलापुरी चादर आणि टॉवेल यांचें नांव देशोदेशीं झालें. पण सुताची तहान तीच राहिली. जी ओल सुतास हवी, ती छातीस नको. जेथें कारखाना आणि माजघर यांमध्यें एकच भिंत, तेथें हा तंटा रोज चालतो, आणि बहुधा सूत जिंकतें.

विणकरांप्रमाणेंच विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या घरींही ओल धंद्याबरोबर येते. टेंभुर्णीचीं पानें भिजवून, ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेविल्यावांचून तीं कातरतांना मोडतात. हीं पानें रात्रभर निजण्याच्या खोलींतच राहतात. त्यांत गेलीं कित्येक वर्षें शहरास नळाचें पाणी कांहीं दिवसांआड मिळत आल्यामुळें पिंपें आणि हौद घरांतच भरून ठेवण्याची संवय जडलेली. अशा रीतीनें पाण्याची टंचाईच घरांत ओल आणते!

घराची बांधणीही या कामीं साह्य करते. येथील काळी माती पावसांत फुगते, उन्हांत आकसते. तिच्यावरील पाया हलतो, भिंतीस भेगा पडतात आणि त्यांतून पाणी शिरतें. जुन्या माळवदांवर पावसाळ्यापूर्वी नवी माती घालून चोपण्याचा प्रघात होता. जेथें तो मोडला, तेथें छत पाझरूं लागलें. येथील पावसाचा जोर बहुधा भाद्रपदांत, परतीच्या वाऱ्यांबरोबर असतो. ऑक्टोबर २०२० मध्यें जिल्ह्यांत जी अतिवृष्टि झाली, तिनें पुष्कळ घरांत पाणी शिरलें. पाणी ओसरलें कीं संकट टळलें असें वाटतें. परंतु भिजलेली वस्तु एक-दोन दिवसांत सुकली नाहीं तर तिच्यावर बुरशी धरूं लागते.

बुरशी म्हणजे केवळ घाण नव्हे. ती सजीव आहे. तिचे बीजाणु हवेंत सर्वत्र असतात. त्यांस ओल आणि अन्न मिळालें कीं ते रुजतात. सुताची खळ, लांकूड, कागद, धूळ, सर्व कांहीं त्यांस चालतें. हे सूक्ष्म कण श्वासाबरोबर आंत गेले कीं नाक चोंदतें, शिंका येतात, छातींत घुरघुर होते. ज्यास दमा आहे त्याचा दमा बळावतो. १९१३ च्या सुमारास इंग्लंडांतील कापूस विणणाऱ्यांत चमत्कारिक खोकला पसरला. कारखान्यांचे वैद्यकीय निरीक्षक कॉलिस यांनीं शोध घेतला, तेव्हां संशय गेला तो खळ लावलेल्या ताण्यावर चढलेल्या बुरशीकडे. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ मध्यें या विषयावर मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. त्यांत बुरशीची अमुक मात्रा निर्धोक असें कांहीं ठरवितां आलें नाहीं. ओल हटवावी, हाच निर्णय देण्यांत आला. क्षयानें पूर्वी ज्याच्या फुप्फुसांत पोकळी पडली आहे, त्याच्या त्या पोकळींतही एका जातीची बुरशी घर करूं शकते. म्हणून अशा माणसानें विशेष जपावें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०२१ मध्यें करोनाच्या साथींत 'काळी बुरशी' या नांवानें जो भयंकर रोग महाराष्ट्रानें पाहिला, तो अनावर मधुमेह आणि स्टेरॉइड औषधें यांनीं प्रतिकारशक्ति खचलेल्या रोग्यांस मुख्यतः जडला. भिंतीवरचा प्रत्येक काळा डाग म्हणजे तो रोग नव्हे. डागास भिऊं नये, पण त्याच्याशीं सलोखाही करूं नये.

मग करावें काय? प्रथम पाणी कोठून येतें तें शोधावें. डागावर रंग फांसणें म्हणजे जखमेवर शेला पांघरणें होय. ओल आंत असेपर्यंत डाग पुन्हां उमटणारच. गळका नळ, भेग, माळवद आधीं दुरुस्त करावें. दगडमातीच्या जुन्या भिंतीस सिमेंटचा गिलावा देऊं नये. त्यानें ओल आंत कोंडते. चुना लावल्यास भिंत श्वास घेते, आणि चुन्याच्या क्षारगुणामुळें बुरशीही सहजीं धरत नाहीं. डाग कोरडा खरवडूं नये, बीजाणु उडतात; नाकातोंडास फडकें बांधून साबणाच्या पाण्यानें पुसावा व जागा पूर्ण सुकवावी. ब्लीचिंग पावडर वापरल्यास तींत संडास धुण्याचें ॲसिड कदापि मिसळूं नये. त्यांतून विषारी वायु निघतो. बिछाना भिंतीपासून चार बोटें दूर असावा, वळकटीस आठवड्यांतून एकदां ऊन दाखवावें, पिंपांवर झांकण असावें, भिजलीं पानें निजण्याच्या खोलीबाहेर ठेवावीं.

राहिला प्रश्न मागाचा. विणकरास खिडकी सताड उघडी ठेवा असें सांगणें सोपें; तुटलेल्या धाग्याची मजुरी त्याचीच बुडते. परंतु माग थांबतो तेव्हां तरी खिडकी उघडतां येते. माग आणि निजण्याची जागा यांमध्यें एक दार घालतां येतें. जेथें नवीं घरें बांधलीं जातात, तेथें दोहोंची सोय निराळी करतां येते. हें काम एकट्या विणकराचें नव्हे. घरमालकाचें, व्यापाऱ्याचें आणि नगराचेंही आहे.

निसर्गानें सोलापुरास एक देणगी मुक्त हस्तानें दिली आहे: वर्षांतील बहुतेक दिवस लखलखीत ऊन. कोंकणांतील गृहिणी ज्यासाठीं चार महिने वाट पाहते, तें येथें दारांत उभें असतें. त्यास घरांत घेण्यास पैसा लागत नाहीं. खिडकीची कडी तेवढी काढावी लागते.