वाणिज्य शाखा आणि गणिताची भीती



दहावीचा निकाल लागला की अनेक पालक म्हणतात, "सर, मुलाचे गणित कच्चे आहे; त्याला कॉमर्सला घालतो." या समजुतीने मुलांचे फार नुकसान होते. बी.कॉम.ला गेल्यावर चक्रवाढ व्याज, सरासरी, संभाव्यता, सहसंबंध ही प्रकरणे समोर येतात आणि मुलगा पहिल्याच वर्षी खचतो. वस्तुतः त्यांतील बहुतेक भागाला शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण आणि साधी समीकरणे एवढीच शिदोरी पुरते.

एक उदाहरण घेऊ. एका दुकानात चार नोकरांना दरमहा १२,००० रुपये आणि व्यवस्थापकाला ७२,००० रुपये पगार आहे. सरासरी निघते २४,०००. जाहिरातीत हा आकडा छापला तर तो खोटा नाही. पण पाचांपैकी एकालाही तेवढा पगार मिळत नाही. पगार चढत्या क्रमाने मांडून मधला पाहा, तो १२,००० आहे. संख्याशास्त्रात यालाच मध्यक म्हणतात. नोकरी शोधणाऱ्याने सरासरीबरोबर मध्यकही विचारावा.

आता हप्त्यांचे पाहू. १२,००० रुपयांचे कर्ज, व्याज १२ टक्के 'फ्लॅट', म्हणजे वर्षाला १,४४० रुपये. परंतु दरमहा १,००० रुपये मुद्दल फिटत जाते, म्हणून वर्षभरात आपल्याकडे सरासरीने ६,५०० रुपयेच राहतात. त्यावर १,४४० म्हणजे ढोबळ मानाने २२ टक्के झाले! व्याजापासून दूर राहणाऱ्यानेही हा हिशेब शिकावा. किंमत वाढवून दिलेल्या हप्त्यांतही तोच लपलेला असतो.

हा विषय आपल्याला परका नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी यांनी लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातील 'अल्-जब्र' या शब्दावरून 'अल्जिब्रा' हे नाव आले. त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसांमधील वाटणीच्या हिशेबांचा आहे. हक्कदाराला त्याचा हिस्सा बिनचूक मिळावा, यासाठीही बीजगणित कामी आले.

पालकांना माझी विनंती आहे की, गणित टाळण्यासाठी मुलाची किंवा मुलीची शाखा ठरवू नका. महिन्याचा घरखर्च त्यांच्याकडून मांडून घ्या. विद्यार्थी मित्रांनो, कॉलेज सुरू होण्यापूर्वीच्या सुट्टीत शेकडेवारी आणि समीकरणांची रोज पाच उदाहरणे सोडवा. हिशेब कळणारा माणूस सहसा फसत नाही, आणि दुसऱ्यालाही फसू देत नाही.