उंदीर, पाणी आणि आपण

२०२२ च्या सप्टेंबर महिन्यात बेंगळूरूच्या बेळ्ळंदूर भागात एवढे पाणी साचले की, नोकरदारांना ट्रॅक्टरवर बसून कामावर जावे लागले. पाणी ओसरले आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु आरोग्याच्या दृष्टीने खऱ्या सावधगिरीचा काळ तेथूनच सुरू होतो.

अशा पाण्यात उंदरांच्या बिळांतील घाण मिसळलेली असते. उंदराच्या मूत्रपिंडात लेप्टोस्पायरा नावाचे मळसूत्री जंतू नांदत असतात. मूत्रावाटे ते पाण्यात उतरतात आणि पायाच्या लहानशा जखमेतून, किंवा डोळ्यांच्या व तोंडाच्या नाजूक त्वचेतून, आपल्या शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईने या रोगाचा कटू अनुभव घेतला.

उंदराशी आपले वैर जुने आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. १८९७ मध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्याच रोगाला बळी पडल्या. १८९८ मध्ये तो बेंगळूरूत पोहोचला. दाट पेठा सोडून माणसे मोकळ्या जागी जाऊ लागली, आणि मल्लेश्वरम् व बसवनगुडी या वसाहतींच्या वाढीस वेग आला. त्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत उंदरांवरील पिसवांचा या रोगाशी असलेला संबंध प्रयोगाने दाखविला.

या दोन रोगांत एक मोठा भेद आहे. प्लेगमध्ये आधी उंदीर मरून पडत. गावाला इशारा मिळे आणि शहाणी माणसे घर सोडून रानात झोपड्या बांधून राहत. लेप्टोस्पायरोसिसमध्ये मात्र उंदीर धडधाकटच राहतो. इशारा कोणी देत नाही. तो आपणच आपल्याला द्यावयाचा असतो.

म्हणून साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरू नये. जखम झाकून घ्यावी. घरी येताच साबणाने पाय धुवावेत. त्यानंतर महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर घरगुती उपायांत दिवस दवडू नयेत. डॉक्टरांकडे जावे आणि आपण पुराच्या पाण्यातून चाललो होतो, हे न विचारताही सांगावे. वेळीच प्रतिजैविके मिळाली तर रोग बहुधा आटोक्यात येतो; विलंब झाल्यास यकृत, मूत्रपिंडे व फुप्फुसे यांवर घाला पडतो.

आणि दाराबाहेर उघड्यावर टाकलेले खरकटे हे उंदराला धाडलेले आमंत्रणच असते, एवढे विसरू नये.