झाड कुणाचं आणि अनुदान कुणाला?

(मे 1993 मध्ये भोकरदन तालुक्यातल्या भिल्ल वस्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. उसाच्या फडावरून उशिरा आलेल्यांना आणि लग्नसराईमुळे येऊ न शकलेल्यांना कळावं म्हणून छापत आहोत. ज्याला वाचता येतं त्याने वस्तीवर बसून इतरांना वाचून दाखवावं.)

आज आम्हाला झाडांवर बोलायला सांगितलं आहे. तुम्ही म्हणाल, जमिनीचा लढा सोडून ही पोरं झाडांवर काहून बोलायलीत? पण येत्या महिन्यात पाऊस पडला की गावोगाव रोपांच्या गाड्या येतील. कुणाच्या वावरात अनुदानाची बाग लागंल, कुणाच्या कसत्या गायरानात खड्डे पडतील. खड्डे पडल्यावर बोलून उपयोग नाही, म्हणून आधी बोलतो.

पहिली गोष्ट. आपल्या जालना जिल्ह्यात जंगल किती आहे? 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणात लिहिलंय की देशाची एक तृतीयांश जमीन झाडाखाली पाहिजे. म्हणजे शंभर एकरात तेहतीस एकर. आपल्या जिल्ह्यात शंभर एकरात दोन एकरसुद्धा जंगल नाही. अजिंठ्याच्या डोंगराची शेपटी जिथं आपल्याकडं उतरते तिथं थोडं पळस, सालई, सीताफळ आहे. बाकी सगळी उघडी काळी नाहीतर मुरमाड जमीन. मग एवढी झाडं सरकार लावणार कुठं? दोनच जागा उरतात. एक सातबारावाल्याचं वावर, दुसरं गावाचं गायरान. सातबारावाल्याच्या वावरात झाड लावायचं तर सरकार त्याला पैसे देतं. गायरानात लावायचं तर आपल्याला उठवतं. आजच्या बोलण्याचं सार एवढंच आहे. आता एकेक सोडवून सांगतो.

सातबारावाल्याला काय मिळतं?

1990 पासून रोजगार हमी योजनेला जोडून फळबागेची योजना चालू झाली आहे. आंबा, बोर, सीताफळ, आवळा, चिंच अशी झाडं स्वतःच्या वावरात लावायची. खड्डे, रोपं, खत, राखण याचा खर्च सरकार देतं. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त आणि अल्पभूधारक यांना शंभर टक्के अनुदान आहे. मालकाने स्वतःच्या वावरात खड्डे खणले तर त्याचीही मजुरी धरतात. म्हणजे आपल्यापैकी ज्याच्या नावावर दोन एकर कोरडवाहू आहे त्याने आपल्याच बांधावर काम करावं आणि मजुरी घ्यावी, अशी ही योजना आहे. कागदावर तरी वाईट नाही.

एका शिबिरात आम्हाला सांगितलं की अमेरिकेतही 1990 सालीच एक कायदा झाला. तिथं मोठमोठी जंगलं खाजगी मालकीची आहेत. मालक लाकूड तोडतो, परत वाढवतो, त्यावर जगतो. पण जमिनीला भाव आला की तो जंगल बिल्डरला विकतो. म्हणून सरकार मालकाशी करार करतं की हे घे पैसे, जंगल तुझंच राहू दे, लाकूडफाट्याचा धंदाही चालू ठेव, फक्त प्लॉट पाडून विकू नको. हे ऐकून आमच्यातली एक बहीण म्हणाली, "म्हणजे ज्याच्याकडं जंगल हाये त्यालाच राखायचे पैसे. ज्यानं नुसतं राखलं, त्याच्या नावावर नाही, त्याला काय?" शिबिर घेणाऱ्याला उत्तर आलं नाही. बाकी सगळं ऐकलेलं विसरलो, पण तिचा तो सवाल आमच्या डोक्यातून जात नाही.

आपल्या राज्यात उलटंही झालेलं आहे. 1975 साली महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायदा आला आणि 30 ऑगस्ट 1975 पासून खाजगी जंगलं सरकारजमा झाली. ठाणे, कुलाबा, नाशिक या बाजूला त्याचा मोठा फटका बसला. मोठ्या जमीनदाराचं जंगल गेलं ते ठीक झालं, पण लहान खातेदाराची दोन-चार एकर झाडीही त्यात सापडली. मग ओरड झाली आणि 1978 मध्ये दुरुस्ती करावी लागली की ज्याची सगळी मिळून जमीन 12 हेक्टरच्या आत आहे त्याला परत द्या. म्हणून आपले म्हातारे म्हणतात, "झाड आलं की मागून फारेष्ट येतं." हे म्हणणं येडेपणाचं नाही. पोळलेल्या माणसाचं ते बोलणं आहे.

पण भीती कुठं खरी आणि कुठं खोटी, हे कायद्यावरून समजून घेऊ.

जमीन महसूल संहितेचं कलम 25 सांगतं की खातेदाराच्या जमिनीतलं झाड खातेदाराचं. बांधावर लिंब लावला म्हणून जमीन कुणी नेत नाही. पण तोडायची वेळ आली की 1964 चा झाडतोडीचा कायदा आडवा येतो. त्याच्या यादीत साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन, अंजन, ऐन अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या वावरात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. लिंब आणि बाभूळ त्या यादीत नाहीत. पुढं आदिवासी खातेदारासाठी 1969 चा आणखी एक कायदा आहे. आदिवासीनं झाड विकायचं तर जिल्हाधिकाऱ्यामार्फत विकायचं. ठेकेदार दारूच्या बाटलीवर सागाचं झाड नेत होते, ते थांबावं म्हणून हा कायदा केला. हेतू चांगला आहे. पण अर्जाचा कागद टेबलावरून टेबलावर फिरतो आणि इकडं पोरीचं लग्न तोंडावर येतं, मग माणूस चोरून विकतो आणि ठेकेदार अजून कमी भाव देतो. म्हणून लावायच्या आधी विचार करा. लाकडासाठी आणि सरपणासाठी लिंब-बाभूळ, खायला आणि विकायला बोर-सीताफळ, आणि चिंच-आंबा लावला तर तो फळासाठी, तोडण्यासाठी नाही.

आता अनुदानाची गोम सांगतो. पैसे एकदम मिळत नाहीत, तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं मिळतात, आणि झाडं जगली तरच पुढचा टप्पा. वरून बघितलं तर अट बरोबर वाटते. पण झाड जगतं कशावर? पाण्यावर. आपल्याकडं पाऊस वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. ज्याच्या वावरात विहीर आणि मोटार आहे त्याची झाडं जगतात. ज्याची बाई दीड कोसावरून डोक्यावर प्यायचं पाणी आणते त्यानं रोपाला काय घालायचं? वर माणूस दिवाळीनंतर ऊसतोडीला गेला की वस्तीवर म्हातारी आणि शेरडं राहतात. शेरडं रोपं खातात. चैतात माणूस परत येतो तेव्हा खड्डेच शिल्लक. मग साहेब लिहितो, "लाभार्थ्याने निष्काळजीपणा केला." यात सरकारचं काही चुकलं असं कुठंच लिहिलं जात नाही. म्हणून आमचं म्हणणं आहे की कोरडवाहू आदिवासीच्या बागेला पहिली दोन वर्षं पाणी घालण्याची आणि राखणीची मजुरी हातात मिळाली पाहिजे, दर पंधरवड्याला, जागेवर. तसं झालं तर त्या घरातलं एक माणूस तरी फडावर जाणार नाही, आणि लेकरू शाळेत राहील.

यात आपलीही चूक आहे, ती झाकून ठेवणार नाही. एका वस्तीवर आपल्याच काही भावांनी मस्टरवर अंगठे दिले, खड्डे कागदावरच राहिले, निम्मे पैसे दुसऱ्यानं खाल्ले. रोपं मोंढ्याच्या वाटेवर विकली. आता त्या वस्तीचं नाव काढलं की साहेब हसतो आणि खऱ्या अर्जालाही लांबवतो. भावांनो, शंभर रुपयांसाठी दिलेला अंगठा दहा घरांचा हक्क बुडवतो.

आता गायरान.

आपल्या बहुतेकांचं पोट सातबाऱ्यावर नाही, गायरानावर आहे. 1972 च्या दुष्काळानंतर आपल्या आई-बापांनी खडी फोडून आल्यावर हे मुरमाड तुकडे धरले. दगड वेचले, बांध घातले, ज्वारी-बाजरी पेरली. झाडंही राखली. आमच्या वस्तीजवळच्या गायरानात लिंबाची आणि पळसाची रांग आहे. ती कुणी लावली नाही, आपोआप उगवली. पण सरपण लागलं तरी फांदी तोडायची, बुंधा नाही, असं आमच्या आज्यांनी ठरवलं आणि पाळलं. त्या झाडांच्या सावलीला सगळ्या गावाची गुरं बसतात. दोन वर्षांमागं एका खात्याची माणसं आली. ज्वारी पोटरीत होती. त्यांच्या कागदावर जमीन 'पडीक' होती. त्यांनी उभ्या पिकात खड्डे खणले, सुबाभूळ लावली. आमच्या बाया आडव्या पडल्या तेव्हा त्यांना सांगितलं, "तुम्ही वनीकरणाला विरोध करता." ज्यांनी वीस वर्षं झाडं राखली ते झाडाचे वैरी ठरले. सुबाभळीतली निम्मी त्याच उन्हाळ्यात वाळली. ज्वारीही गेली. लिंबाची रांग तेवढी अजून उभी आहे, पण ती कुठल्याच कागदावर नाही. कायद्यानं गायरानातलं झाड सरकारचं. राखणाऱ्याला ना पैसा, ना नाव.

झाड लावणं म्हणजे नेहमी पुण्यच, असं नाही. कर्नाटकात धारवाड जिल्ह्यात कुसनूर गावी गावकऱ्यांच्या वहिवाटीची जमीन रेयॉनच्या लगद्याच्या कारखान्याला लाकूड मिळावं म्हणून निलगिरी लावायला दिली. 14 नोव्हेंबर 1987 ला तिथल्या लोकांनी सत्याग्रह केला. निलगिरीची रोपं उपटली आणि त्याच जागी फळाची, चाऱ्याची, उपयोगाची झाडं लावली. नुसतं उपटलं नाही, लावलंही, म्हणून त्यांना कुणी झाडाचे वैरी म्हणू शकलं नाही. आपण यातून शिकायचं आहे.

निलगिरी, सुबाभळीची आणखी एक गोष्ट. मोठा मालक दहा एकरावर सलग तीच लावतो तेव्हा त्याला अनुदान मिळतं, पण त्या वावरातली खुरपणी, काढणी, मळणी संपते. आपल्या बायांचं काम संपतं. रोजगार हमीचा पैसा दुष्काळातल्या मजुराच्या लढ्यातून आलेला आहे. तो पैसा मजुराचं काम मोडायला वापरू नये.

मग गायरानाला कायद्याचा आधार आहे का? आहे. 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय आहे. 14 एप्रिल 1990 च्या आधीपासून जे भूमिहीन दलित-आदिवासी गायरान, पडीक कसतात त्यांची अतिक्रमणं नियमित करावीत असं त्यात आहे. दीड वर्ष झालं, पण अजून अर्ज धूळ खातात. पुरावा मागतात. पुरावा म्हणजे तलाठ्याकडची अतिक्रमणाची नोंदवही, गाव नमुना 1-ई, आणि आपण भरलेल्या दंडाच्या पावत्या. ज्या पावत्या आपण शिक्षा म्हणून भरल्या त्याच आज आपले कागद आहेत. पत्र्याच्या पेटीत, बाडाच्या घडीत, देवाच्या कोनाड्यात जिथं असतील तिथून काढा. उंदरानं कुरतडलेली असली तरी फेकू नका.

आणि एक ध्यानात घ्या. त्या जमिनीवर एकदा सुबाभूळ उभी राहिली की साहेब म्हणणार, "इथं वनीकरण झालंय, आता नियमित करता येत नाही." म्हणून या पावसाळ्यातले खड्डे साधे खड्डे नाहीत. झाड आणि पट्टा यांची शर्यत लावलेली आहे, आणि झाड सरकारी गाडीत बसून येतंय.

तेव्हा आम्ही पोरं-पोरींनी बसून जे ठरवलं ते तुमच्यापुढं ठेवतो. पटलं तर हात वर करा, नाही पटलं तर इथंच बोला, घरी जाऊन नको.

एक. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याने अनुदान जरूर घ्यावं. ते आपल्या हक्काचं आहे, भीक नाही. पण सगळं वावर झाडाखाली घालू नये. बांधाला आणि मुरमाड कोपऱ्याला झाड, चांगल्या मातीत ज्वारी. अर्ज एकट्याने करू नये, वस्तीने मिळून करावा. कोऱ्या मस्टरवर कुणीही अंगठा देणार नाही.

दोन. गायरानात रोपं लावायला कुणी आलं तर आधी 1-ई ची नोंदवही दाखवा म्हणायचं. जिथं कसणारा आहे तिथं त्याचा 1991 च्या निर्णयाखालचा अर्ज निकाली निघेपर्यंत एकही खड्डा पडू द्यायचा नाही. हात उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही. बसून राहायचं.

तीन. जिथं खरोखर उघडं गायरान आहे तिथं आपण होऊन सांगायचं की लावा, आम्ही राखतो. पण झाडं आम्ही सांगू ती, आणि राखणीची मजुरी, गवत, फळ, वाळलेलं सरपण वस्तीला, असं लिहून द्या.

चार. पट्टा मिळाला की त्या दिवसापासून त्या खातेदाराला शंभर टक्के अनुदानाच्या यादीत घ्या, अशी मागणी प्रत्येक अर्जाच्या खाली लिहायची. आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर. पाणी बाईच घालणार आहे, मग नाव एकट्या बाप्याचं कशाला?

पाच. मृगाच्या आधी प्रत्येक वस्तीने आपल्या दंडाच्या पावत्यांची आणि आपण राखलेल्या झाडांची यादी करून आणावी. किती लिंब, किती पळस, किती बाभळी, कोण राखतं. सरकारच्या कागदावर ती झाडं नाहीत, तर आपल्या कागदावर असू द्या. उद्या कुणी 'पडीक' म्हणालं तर ती यादी पुढं ठेवू.

शिबिरातल्या आमच्या बहिणीच्या सवालाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. ज्यानं राखलं पण ज्याच्या नावावर नाही, त्याला काय? हा सवाल आता आपण तहसीलच्या दारात जाऊन विचारू. पावत्या आणि यादी घेऊन जाऊ, सगळ्या वस्त्या मिळून.

कसेल त्याची जमीन! राखील त्याचं झाड!

जय आदिवासी!