करवतकाठीचा हिशेब



२०१५ पासून दरवर्षी ७ ऑगस्टला हातमाग दिन साजरा होतो. विणकराला शाल-श्रीफळ मिळते. (विणकराला शाल, आणि तीही बहुधा यंत्रमागावरची!) कापसाला भाव मागितला की ‘जगाचा पोशिंदा’ म्हणून हार घालणारी हीच मंडळी. त्या हाराची किंमत आपण ओळखून आहोत.

आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडच्या करवतकाठी लुगड्याचेच पाहा. अंग टसरचे, काठ सुताचा, काठावर करवतीचे दाते. या विणीला तीन धोटे लागतात: दोन काठांचे दोन, अंगाचा एक. दर फेऱ्याला काठाचा बाणा अंगाच्या बाण्यात अडकवून माघारी फिरवायचा. म्हणून काठाचा रंग निखळ राहतो. साध्या यंत्रमागाचा धोटा या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ जातो. नकली लुगड्याच्या काठात अंगाचा धागा मिसळलेला दिसतो. मायबहिणींनो, घेताना काठ उलटून पाहा.

टसर हेही पीकच. पूर्व विदर्भाच्या जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर अळ्या सोडून ढिवर मंडळी पाखरांपासून त्यांची राखण करतात. कृषी पदवीच्या अभ्यासात आम्ही कापसाच्या धाग्याची लांबी घोकली. कोष काढणाऱ्याच्या हाती काय पडते, हे कोणी शिकवले नाही.

पुष्कळ ठिकाणी विणकराला सूत व्यापारी देतो, लुगडे तोच उचलतो, मजुरीही तोच ठरवतो. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशातल्या सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांची कमाई महिना पाच हजारांच्या आत निघाली. मग पोरगा मागावर बसत नाही म्हणून त्याला बोल कोणत्या तोंडाने लावायचा? आणि ही वीण तर बापाशेजारी बसूनच हातात येते. एक पिढी उठली की संपले.

यंत्रमाग बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. तिथे राबणारेही गरीबच. यंत्रमागाचा माल हातमागाचा म्हणून विकू नये, एवढेच.

कापसाचा उत्पादनखर्च आपण बैलाच्या चाऱ्यासकट काढायला शिकलो. तसाच एका करवतकाठीचा काढायचा आहे: कोष, सूत, रंगाई, विणाई, आणि कांड्या भरणाऱ्या घरच्या बाईची मजुरी, जी बहुधा कोणीच धरत नाही. भंडाऱ्याच्या कार्यकर्त्यांनी विणकरांच्या घरी बसून हा हिशेब दिवाळीआधी पुरा करावा. पुढच्या बैठकीत तो विणकरांनीच वाचून दाखवायचा आहे.