छायाचित्रकाराच्या नजरेतून आपला समाज
(सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या शुभारंभप्रसंगी एका वृत्तपत्र छायाचित्रकाराने केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहण्याचा योग माझ्या आयुष्यात प्रथमच येत आहे. आजवर माझी जागा खाली, पहिल्या रांगेच्याही पुढे, एक गुडघा टेकून. तेथून मी वरच्या मान्यवरांना ‘जरा जवळ या, समई दिसू द्या’ असे सांगत असे. एका मेणबत्तीला पाच-सहा हात लागले आहेत आणि ज्योतीकडे मात्र कोणाचेच लक्ष नाही, असे दीपप्रज्वलनाचे चित्र मी किती वेळा टिपले असेल याची गणतीच नाही.

मी जन्माने जैन नाही. सांगलीत १९८२ साली एका स्थानिक दैनिकासाठी छायाचित्रे काढू लागलो, तेव्हा चित्र छापून आले तरच मानधन मिळे. कॅमेरा दोन भिंगांचा, एका रोलवर चित्रे फक्त बारा. त्या बारांत दोन कार्यक्रम आणि एखादा अपघात बसवायचा. घरी न्हाणीघराला काळा पडदा लावून, पूर्ण अंधारात रोल धुवायचा, हायपोत बुडवायचा, मग तांबड्या दिव्याच्या उजेडात प्रिंट काढायचा आणि तो ओलाच सायकलवरून कचेरीत पोचवायचा. मग जस्ताचा ब्लॉक होई आणि सकाळी त्याच चित्रात मान्यवरांचे चेहरे काळ्या शाईचे ठिपके होऊन जात. तरीही ओळी लिहिताना ‘डावीकडून अनुक्रमे’ यात एखादे नाव सुटले, की सकाळी सातपासून घरी माणसे येत. ठिपक्यांतूनही आपला माणूस लोक ओळखत असत!

या समाजाच्या कार्यक्रमांना मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मंदिराच्या पायरीवरच मला थांबविण्यात आले. कॅमेऱ्याची पेटी चामड्याची होती, कमरेचा पट्टाही चामड्याचा. दोन्ही बाहेर ठेवून मी एका हाताने कॅमेरा आणि दुसऱ्या हाताने विजार सावरीत आत गेलो. पुढच्या खेपेस एका काकूंनी माझ्यासाठी जाड खादीची पिशवी शिवून आणली होती. ती पिशवी मी पुढे वीस वर्षे वापरली.

पिशवीचे कौतुक चालले असता तेथील एका वयोवृद्ध काकांनी मला सहज विचारले, “पेटी बाहेर ठेवलीस, बरे केलेस. आत जी फिल्म असते ती कशाची करतात रे?” मला उत्तर ठाऊक होते. फिल्मवरील प्रकाशग्राही थर जिलेटिनचा असतो आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. खोटे बोलणे सोपे होते, कारण त्या काळी हे फारसे कोणास ठाऊक नव्हते. खरे सांगितले तर या समाजाची कामे कायमची जातील, हेही दिसत होते. मी खरे सांगितले. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गाभाऱ्यात नको. बाहेर काढ. आणि विचारले ते बरे झाले, नाही विचारले तरी पाप तेवढेच होते.” त्यानंतर मी गाभाऱ्याचे चित्र कधी घेतले नाही. पुढे डिजिटल कॅमेरा आला, जिलेटिनचा प्रश्न मिटला, पण तो सांगायला काका राहिले नव्हते.

आपल्याकडचे शिष्टाचार मी असेच पायरीपायरीने शिकलो. स्थानकात अनेक साधू-साध्वी अग्निकायिक जीवांच्या विराधनेमुळे विजेचा दिवा आणि ध्वनिक्षेपकही टाळतात. तेथे माझ्या फ्लॅशला जागा नव्हती. दिगंबर मुनिराज दिवसातून एकदाच, उभ्याने, हातांच्या ओंजळीत आहार घेतात. तो प्रसंग मी दाराबाहेरून पाहिला आणि कॅमेरा खाली ठेवला. संपादकांनी कारण विचारले, तेव्हा ‘प्रकाश कमी होता’ असे सांगितले. ही थाप मी आज प्रथमच कबूल करतो.

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगण्यासाठी मी हे निमंत्रण स्वीकारले.

२००५ च्या महापुरात कृष्णाकाठची गावेच्या गावे पाण्यात गेली. आपल्या ट्रस्टने भोजनाची आणि अंथरुणा-पांघरुणांची सोय केली. मी तेथे वाटपाचे छायाचित्र घेतले. पाच दाते ओळीने उभे, सर्वांचे हात एका घोंगडीला, आणि घोंगडी घेणारा एक पुरग्रस्त. मीच त्याला म्हणालो, ‘मामा, वर बघा.’ दुसऱ्या दिवशी चित्र तीन कॉलमी छापून आले. त्यानंतर मदतीचा ओघ वाढला, हेही खरे आहे आणि ते मी लपवीत नाही.

महिन्याभराने ते गृहस्थ माझा पत्ता शोधीत घरी आले. नदीकाठी चार एकर ऊस असलेला शेतकरी; गावच्या यात्रेला दरवर्षी गुळाची ढेप देणारे घर. त्यांना एवढेच विचारायचे होते की तो फोटो आता पुसता येतो का. वर्तमानपत्र पाहुण्यांच्या गावापर्यंत गेले होते. मी गप्प होतो. तेच म्हणाले, “तुमचं काय चुकलं न्हाई. फोटु काढताना म्या खाली बघाया पायजे हुतं. वर बघितलं.”

शहरातला मोठा छायाचित्रकार चित्र काढून निघून जातो. आमच्यासारख्याला तीच माणसे उद्या मंडईत भेटतात, एसटीत शेजारी बसतात. मदत घेतानाचा चेहरा मी त्या दिवसानंतर कधी छापायला दिला नाही. आपल्या परंपरेत गुप्तदानाला मोठे स्थान आहे. पण ते देणाऱ्याने स्वतःचे नाव झाकण्यापुरते आहे, की घेणाऱ्याचा चेहरा झाकण्यासाठीही, याचा विचार जाणकारांनी करावा. माझा तो अधिकार नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी २००५ पेक्षाही वर चढले. एका रात्री नऊच्या सुमारास बोटीतून माणसे आली, भिजलेली, उपाशी. रात्री अन्न द्यावे की नाही, यावर भटारखान्याच्या दारात क्षणभर कुजबुज झाली. एक ज्येष्ठ म्हणाले, “नियम आपला आहे, त्यांचा नाही.” चूल पुन्हा पेटली. मी खिचडी वाढणाऱ्या एका ताईंचे चित्र घेतले. फक्त पळी, त्यांचा हात आणि चेहरा. ते छापून आले. त्या दिवशी गर्दीमुळे त्यांना सूर्यास्तापूर्वी जेवताच आले नव्हते, हे मला चार दिवसांनी कळले. चित्रात ते कोठेही दिसत नाही. आजूबाजूला मोबाईल मात्र वाढणाऱ्यांचे नव्हे, जेवणाऱ्यांचे फोटो घेत होते. मी एक-दोघांना हटकले, नंतर सोडून दिले.

येत्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने माझ्याकडे २००५ चे ते घोंगडीचे चित्र मागितले होते. मी दिले नाही. त्यांनी कारण विचारले, मी सांगितले, आणि त्यांनी पुन्हा आग्रह धरला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

त्याऐवजी माझ्याजवळ आहे ते घेऊन आलो आहे. १९८२ पासूनचे निवडक प्रिंट बिस्किटांच्या चार डब्यांत भरून बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. अध्यक्षांची, पाहुण्यांची नावे वृत्तपत्रात आली, ती मला ठाऊक आहेत. शोभायात्रेत पालखीमागे गॅसबत्ती डोक्यावर घेऊन चालणारी बाई, बुंदी पाडणारे आचारी, बोर्डिंगच्या पोरांची रांग, आणि १९८६ च्या महावीर जयंतीच्या चित्रात ध्वजाची काठी धरून रडणारा सहा-सात वर्षांचा मुलगा, यांची नावे मी तेव्हा लिहून घेतली नाहीत. तो मुलगा आज पंचेचाळिशीचा असेल. कदाचित याच सभागृहात असेल. भोजनानंतर ज्येष्ठांनी पाच मिनिटे त्या टेबलाशी यावे. प्रत्येक डब्याजवळ पेन्सिल ठेवली आहे. नाव मागच्या बाजूस लिहावे, शाईने नको, पुढे उमटते.

जय जिनेंद्र.