एकदा झाल्या म्हणजे सुटलो?

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



मी काही व्याख्यान देणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले, आणि त्यानंतर हातात लेखणीपेक्षा लाटणेच जास्त राहिले. चिटणीसबाई म्हणाल्या, "घरातले काहीतरी सांगा." तेव्हा मी ठरवले, की घरातली एक चूकच सांगावी. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या कानावर ती अर्धीमुर्धी गेलेली आहेच. वाड्यातली गोष्ट झाकून थोडीच राहते! पण अर्ध्या गोष्टीपेक्षा पुरी गोष्ट बरी.

माझा धाकटा चार वर्षांचा होता. साल 2022, श्रावणाचे दिवस. बालवाडीतून आला तो अंग तापलेले. दुसऱ्या दिवशी हातापायांवर लाल पुटकुळ्या उठल्या. तोंडातून लाळ गळे, घास घेतला की रडे. मी सासूबाईंना दाखवले. शेजारच्या काकूही आल्या. सगळ्यांनी एकमुखाने सांगितले, "कांजिण्या आहेत. निंबाच्या डहाळ्या आणा, फोडणी बंद करा." तसे केले. सात-आठ दिवसांत पोर खडखडीत बरे झाले. डॉक्टरकडे काही नेले नाही, कारण कांजिण्यांना काय दाखवायचे, असा आमचा हिशेब. महिन्याभराने त्याच्या दोन बोटांची नखे सुटून आली. मी म्हटले, अशक्तपणा असेल, आणि नाचणीची पेज सुरू केली.

एक मात्र झाले. माझ्या मनात पक्की नोंद झाली, की ह्याला कांजिण्या होऊन गेल्या. एकदा झाल्या, आता जन्मात नाहीत. पुढे एकदा खोकल्यासाठी दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारले, "कांजिण्यांची लस द्यायची का?" मी मोठ्या रुबाबात सांगितले, "त्याच्या होऊन गेल्यात." त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

आता गेल्या वर्षीचा, म्हणजे 2025 चा फाल्गुन. शाळेतून निरोप आला, की वर्गातल्या एका मुलाला कांजिण्या आल्या आहेत. ज्यांना झालेल्या नाहीत त्यांच्या पालकांनी लक्ष ठेवावे. मी वहीत लिहून पाठवले, "आमच्याला होऊन गेल्या आहेत, काळजी नाही." मग होळी झाली, रंगपंचमी झाली. नंतरच्या रविवारी आमच्याच वाड्यात काकूंच्या सुनेचे डोहाळजेवण होते. सातवा महिना, पहिलटकरीण. सकाळी न्हाऊ घालताना धाकट्याच्या पाठीवर मला चार-पाच लाल ठिपके दिसले. अंगही जरा कोमट लागले. मनात आले, रंगाने त्वचा उठली असेल, नाहीतर घामोळे. कांजिण्या हा शब्द माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. शिवणार कसा? त्या तर होऊन गेल्या होत्या!

डोहाळजेवण थाटात झाले. झोपाळा सजवला, हिरवी साडी, फुलांचे दागिने. पेढा-बर्फीच्या वाट्या झाकून ठेवल्या, तेव्हा आमचा धाकटा तिच्या मांडीवर जाऊन बसला. त्या मुलीला त्याचा भारी लळा. "तू उचल रे माझ्यावतीने," म्हणून तिने त्याचाच हात धरून वाटी उचलायला लावली. पेढा निघाला. सगळ्या हसल्या. मीही हसले.

संध्याकाळी त्याचा सदरा काढला, तर पोटापाठीवर पाण्याचे थेंब ठेवावेत तशा पुटकुळ्या. काही नुसतेच लाल ठिपके, काही फुगलेल्या, आणि तो अंग खाजवतो आहे. सासूबाईंनी दिवा जवळ धरून पाहिले आणि मटकन खाली बसल्या.

भगिनींनो, आता मी सांगते ती माझी खरी चूक. आजार ओळखता आला नाही ही चूक अजाणतेपणी झाली. पण त्या रात्री मला कळले होते आणि मी गप्प राहिले. मनात म्हटले, तिला कशाला उगीच घाबरवायचे? सणाचा दिवस, त्यांच्याकडे पाहुणे आहेत. आणि खरे सांगायचे तर भीती वाटली, की काकू काय म्हणतील. घरचेही म्हणाले, "उद्या बघू." रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे सासूबाई उठून माझ्याजवळ आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "तू सांगतेस, का मी जाऊ?" मग मीच गेले.

काकू एक शब्द बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि दार लोटून घेतले. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

सूनबाईला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का, हे कोणालाच ठाऊक नव्हते. तिची आई नाही. मामाला विचारले, तो म्हणाला, "आल्या असतील बुवा!" आपल्याकडे मुलांच्या पत्रिका जपून ठेवतात, पण कोणते आजार झाले याचा कागद कुठे सापडत नाही. त्याच दिवशी तिला साताऱ्याला नेले. रक्त तपासले, तेव्हा कळले की तिच्या अंगात कांजिण्यांविरुद्ध काहीच तयारी नव्हती. तिला एक महागाचे इंजेक्शन दिले. ते जितके लवकर मिळेल तितके चांगले, दहा दिवसांच्या आत तर मिळायलाच हवे, असे तिथे सांगितले. म्हणजे मी आणखी आठ-दहा दिवस गप्प बसले असते, तर तेही हातचे गेले असते. हे ऐकून माझे हातपाय गळाले.

इकडे मी धाकट्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. रडत म्हटले, "बाई, एकदा झालेल्या कांजिण्या परत कशा आल्या?" त्यांनी शांतपणे विचारले, "पहिल्या वेळी पुटकुळ्या कुठे होत्या?" मी म्हटले, तळहातांवर, तळपायांवर आणि तोंडात. "पाठीवर, पोटावर?" नव्हत्या. "नंतर नखे गळाली का?" मी चकितच झाले. त्यांना कसे कळले?

तेव्हा त्यांनी समजावले. पहिला आजार कांजिण्यांचा नव्हताच. त्याला हात-पाय-तोंडाचा आजार म्हणतात. तो पाच वर्षांखालच्या मुलांना फार होतो. 2022 साली केरळात 'टोमॅटो फ्लू' म्हणून जो गवगवा झाला, तोही ह्याच जातीचा. हा आजार करणारे विषाणू एक नसून अनेक आहेत. एकाला अंगाने ओळखले तरी दुसरा नव्याने येतो. म्हणून हा आजार एकाच मुलाला दोनदा, तिनदाही होऊ शकतो. आणि मूल बरे झाले तरी त्याच्या शौचातून विषाणू काही आठवडे पडत राहतो, म्हणून शी धुतल्यावर साबणाने हात धुणे हाच मोठा उपाय.

कांजिण्यांचे तसे नाही. त्यांचा विषाणू एकच. पुटकुळ्या आधी चेहऱ्यावर, छातीपोटावर, पाठीवर येतात, लाटांनी येतात. म्हणून एकाच वेळी ठिपका, पाण्याची पुटकुळी आणि खपली अशी तिन्ही रूपे अंगावर दिसतात. लागण झाल्यापासून दहा ते एकवीस दिवसांत अंगावर दिसू लागतात. पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासून मूल दुसऱ्याला लागण देते, ते शेवटच्या पुटकुळीवर खपली धरेपर्यंत.

"मग खऱ्या कांजिण्या दोनदा होतच नाहीत का?" असे मी विचारले. तर तसेही नाही. बहुतेकांना एकदाच होतात, हे खरे. पण अगदी तान्हेपणी झाल्या असतील, फार हलक्या आल्या असतील किंवा दुसऱ्या आजाराने प्रतिकारशक्ती खालावली असेल, तर क्वचित परत येतात. माझ्या जाऊबाईंच्या मुलीला लसीचा एकच डोस दिलेला होता, तरी तिला दहा-बारा पुटकुळ्या आल्या. ताप नाही, काही नाही, चार दिवसांत खेळायला लागली. लस असूनही आल्या म्हणून जाऊबाई लसीला नावे ठेवीत होत्या. पण लस होती म्हणूनच दहा-बारांवर भागले. दोन डोस घेतले तर एवढेही सहसा होत नाही.

आणखी एक नवल ऐका. कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी निजून राहतो. म्हातारपणी अंग थकले की तोच पुन्हा उठतो आणि नागीण होऊन बाहेर पडतो. सासूबाईंना कमरेवर नागीण झाली होती, तेव्हा आम्ही सगळे तिची दोन टोके जुळतील म्हणून घाबरलो होतो. टोके जुळण्यात काही तथ्य नाही. पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत, अशा मुलाला नागिणीच्या पाण्यापासून कांजिण्या होऊ शकतात, हे मात्र तथ्य आहे.

मग "एकदा झाली की परत नाही" हे आपल्याकडे आले कुठून? सासूबाईंच्या दंडावर देवी टोचल्याची खूण आहे. त्यांच्या लहानपणी देवीची साथ हे मोठे संकट. देवीतून जो वाचला त्याला ती सहसा परत येत नसे. गोवराचेही तसेच. त्यावरून ती समजूत रुजली, आणि ती खोटी नव्हती. 1980 साली देवी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले, पण तिचा नियम आपण प्रत्येक पुटकुळीला लावत राहिलो. निंबाची डहाळी दाराला लावण्यामागेही शहाणपण होते. ती पाहून परका माणूस आत येत नसे. मी निंब तर लावला होता, पण नको त्या वेळी. हवा होता तेव्हा दार सताड उघडे होते.

लसीची गोष्ट माझ्या मुलीने मला वाचून दाखवली, ती सांगते. जपानचे एक डॉक्टर, मिचिआकी ताकाहाशी, 1964 साली शिकण्यासाठी अमेरिकेत होते. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्यांनी गाठले आणि इतके छळले, की नवराबायको त्याच्या उशाशी बसून राहिली. पोर वाचले. पण बापाच्या मनातून ते गेले नाही. मायदेशी परतून त्यांनी काम केले आणि 1974 साली कांजिण्यांची लस तयार झाली. एका घरातले जागरण जगाच्या उपयोगी पडले. ही लस आपल्याकडे सरकारी मोफत यादीत नाही, खासगी दवाखान्यात पैसे मोजावे लागतात. पहिला डोस सव्वा वर्षाच्या सुमारास आणि दुसरा पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा. गरोदर बाईला ही लस देत नाहीत, म्हणून लग्नाच्या मुलींनी आधीच विचारून घ्यावे.

घरात कांजिण्या आल्याच तर काय करावे, तेही थोडक्यात सांगते. नखे कापावी. कोमट पाण्याने आंघोळ घालायला हरकत नाही. खाजेला गुलाबी कॅलामाइन लावावे. तापाला डॉक्टर सांगतील तेवढे पॅरासिटामॉल द्यावे, पण ॲस्पिरिन मुळीच नाही. लहान मुलांच्या मेंदूला आणि यकृताला त्याने अपाय होऊ शकतो. मूल गुंगीत जाऊ लागले, धाप लागली, पुटकुळ्या पिकल्या, तर ताबडतोब दवाखाना.

सूनबाईंचे काय झाले, हे तुम्ही मनात विचारत असाल. एकोणिसाव्या दिवशी तिलाही पुटकुळ्या आल्या. मोठ्या माणसाला कांजिण्या जड जातात, त्यात गरोदर बाईला छातीत कफ होण्याची भीती. चार दिवस ती दवाखान्यात होती. पण इंजेक्शनाने जोर मोडला होता. ते चार दिवस मी कसे काढले ते माझे मला माहीत. काकूंचे आणि माझे बोलणे तीन महिने बंद होते. नळावर भेट झाली तरी त्या मान वळवीत. ज्येष्ठात सूनबाई बाळंत झाली, मुलगी झाली, सुखरूप आणि गुटगुटीत. बारशाच्या दिवशी काकू स्वतः आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "कुंची शिवलीस का नाही?" मी शिवून ठेवलीच होती. द्यायचे धाडस होत नव्हते.

आजही आमचा धाकटा त्यांच्याकडे बाळाला खेळवायला निघाला, की काकू उंबऱ्यावरच विचारतात, "ताप नाही ना रे?" कोणी म्हणेल, अजून टोचून बोलतात. मला त्याचा राग येत नाही. विचारावेच. आणि तो विचारायच्या आधीच मी सदरा वर करून पाठ पाहिलेली असते.

मैत्रिणींनो, माझे मागणे तीनच गोष्टींचे आहे. मुलाच्या आजाराला आपण नाव देऊ नये, जाणत्याकडून घ्यावे. ते नाव तारीख घालून एका वहीत लिहावे. ती वही मुलीच्या सासरी तिच्याबरोबर द्यावी. आणि घरात साथीचा आजार आला, तर शेजारी गरोदर बाई, तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल तर त्याच रात्री जाऊन सांगावे. दार लोटले गेले तरी चालेल.