स्वाती नक्षत्र : वायुदेवता, अंकुर आणि निर्वाणाची रात्र
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत करंजाडे येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



पर्युषणपर्वात कल्पसूत्राचे श्रवण करणाऱ्या प्रत्येक श्रावकाच्या कानी दोन नक्षत्रांची नावे पडतात. प्रभू महावीरांचे च्यवन, गर्भसंक्रमण, जन्म, दीक्षा आणि केवलज्ञान हे पाचही प्रसंग हस्तोत्तरा म्हणजेच उत्तराफाल्गुनी नक्षत्रावर घडले; निर्वाण मात्र स्वाती नक्षत्रावर झाले. गर्भसंक्रमणाचा प्रसंग दिगंबर परंपरेला मान्य नाही आणि निर्वाणाची वेळही ती चतुर्दशीची पहाट अशी सांगते. परंतु निर्वाणाचे नक्षत्र स्वातीच, याविषयी दोन्ही परंपरांत एकवाक्यता आहे. दरवर्षी कानी पडणाऱ्या या नावाचा अर्थ काय, त्याची देवता कोणती आणि त्या देवतेची सत्ता कोठवर चालते, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम आकाशाकडे पाहू जाता, स्वाती हा एकच तेजस्वी तारा आहे. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे वाढवला की दृष्टी एका नारिंगी ताऱ्यावर जाऊन थांबते, तीच स्वाती. चैत्र-वैशाखात सायंकाळी ती सहज दिसते. तिचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचण्यास सुमारे ३७ वर्षे लागतात. राशिचक्रात तूळ राशीच्या ६ अंश ४० कलांपासून २० अंशांपर्यंतचा भाग स्वातीचा, म्हणजे हे नक्षत्र संपूर्णपणे तुळेत, तराजूच्या राशीत येते. व्यापारी समाजाला त्याचे विशेष कौतुक वाटावे हे स्वाभाविकच!

तैत्तिरीय परंपरेत या नक्षत्राला ‘निष्ट्या’ असे नाव असून त्याची देवता वायू आहे. वाऱ्याच्या झोताने डोलणारा कोवळा अंकुर हे त्याचे प्रतीक. काही ग्रंथकार प्रवाळ, म्हणजे पोवळे, हेही प्रतीक मानतात. अंकुराची कल्पना मोठी मार्मिक आहे. वठलेला वृक्ष वादळात उन्मळून पडतो, पण बोटभर उंचीचा अंकुर वाकतो आणि वारा ओसरताच पुन्हा सरळ होतो. वायू स्वभावतः चंचल, म्हणून मुहूर्तशास्त्राने स्वातीची गणना पुनर्वसू, श्रवण, धनिष्ठा व शततारका यांच्यासह ‘चर’ नक्षत्रांत केली. प्रवास, वाहनखरेदी, मालाची ने-आण यांसाठी ती अनुकूल मानतात. विंशोत्तरी दशापद्धतीत स्वातीचा स्वामी राहू आहे. एवढ्या एका कारणावरून चांगली स्थळे परत पाठवणारी कुटुंबे आजही आहेत, हे खेदाने नमूद करावे लागते.

आता जैन आगमांकडे वळू. सूर्यप्रज्ञप्ती व जंबूद्वीपप्रज्ञप्ती या ग्रंथांत अभिजितासह २८ नक्षत्रे आणि त्यांच्या देवता सांगितल्या आहेत. तेथेही स्वातीची देवता वायूच आहे. मात्र तत्त्वार्थसूत्राच्या चौथ्या अध्यायात नक्षत्रांचे स्थान नेमके ठरवून दिले आहे. सूर्य, चंद्र, ग्रह, नक्षत्रे आणि प्रकीर्ण तारे हे ज्योतिष्क देवांचे पाच प्रकार असून त्यांच्या गतीमुळे काळाचे विभाग होतात, असे तेथे प्रतिपादन आहे. काळाचे विभाग करणे हे त्यांचे कार्य. ते देवही आयुष्याच्या मर्यादेने बांधलेले आणि जन्ममरणाच्या फेऱ्यातलेच. मग ते दुसऱ्याला कर्मफळ कोठून देणार? (सूत्रकार उमास्वातींच्या पित्याचे नाव स्वाती होते, असे भाष्याच्या प्रशस्तीत म्हटले आहे. नक्षत्राचे नाव असे घराघरांत पूर्वीपासून रुळलेले आहे.)

वायूविषयी तर जैन दृष्टी याहून सूक्ष्म आहे. ज्या वाऱ्याला इतरत्र देवता म्हणून आवाहन करतात, त्याच वाऱ्यात जैन दर्शन असंख्य वायुकायिक एकेंद्रिय जीव पाहते. मुखवस्त्रिका बांधून बोलणारे साधू-साध्वी त्या जीवांची जयणा पाळतात. ज्याची विराधना होऊ नये म्हणून श्वासही जपून सोडायचा, त्याची धास्ती बाळगण्याचे प्रयोजन उरत नाही.

स्वातीच्या जलबिंदूची कथा सर्वश्रुत आहे. भर्तृहरीने नीतिशतकात सांगितले की, तोच थेंब तापलेल्या लोखंडावर नाहीसा होतो, कमलपत्रावर मोत्यासारखा भासतो आणि स्वातीवर समुद्रातील शिंपल्यात पडला तर मोती होतो. शिंपल्यात शिरलेल्या परक्या वस्तूभोवती थरावर थर चढून मोती बनतो, हे आता शास्त्राने सिद्ध केले आहे. पावसाच्या थेंबाशी त्याचा संबंध नाही. तरीही दृष्टांत बाद होत नाही. थेंब हे निमित्त, शिंपला हे उपादान.

याचा पडताळा पाहण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. सूर्य स्वातीत साधारणतः २४ ऑक्टोबरला येतो आणि ६ नोव्हेंबरपर्यंत राहतो. स्वाती बरसल्या तर माणिक-मोती पिकतात, ही म्हण घाटावरची. तेथे हा पाऊस ज्वारी-हरभऱ्याला जीवदान देतो. परंतु पनवेल तालुक्यात त्याच दिवसांत भाताची कापणी चाललेली असते. कापून खाचरात पसरलेल्या भातावर स्वातीची एक जोरदार सर आली की दाणा काळवंडतो, कधी लोंबीतच त्याला मोड येतो. आज जेथे करंजाड्याचे सेक्टर आणि इमारती उभ्या आहेत, त्या भागातील खाचरांचीही पूर्वी हीच चिंता असे. नक्षत्र एक, मेघ एक, आणि घाटाच्या वर आशीर्वाद तर घाटाखाली नुकसान! अंकुर हेच ज्याचे प्रतीक, त्या नक्षत्राचा पाऊस कापलेल्या पिकाला अंकुर फुटवून शेतकऱ्याला रडवतो, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

आता मूळ प्रसंगाकडे येऊ. पावापुरीची ती अमावास्येची रात्र मुहूर्तशास्त्राच्या कसोटीला लावून पाहावी. अमावास्या ही शुभकार्यास वर्ज्य तिथी. अमावास्येला सूर्य-चंद्र एकत्र येतात, म्हणून चंद्र अस्तंगत. त्या दिवसांतला सूर्य तूळ राशीत, म्हणजे आपल्या नीच राशीत. त्याचा परमनीच अंश १० हा तर स्वातीतच येतो. नक्षत्राचा स्वामी राहू. (दर दिवाळीला स्वाती असतेच असे नाही. १ नोव्हेंबर २०२४ रोजी अमावास्या संपताना सूर्य-चंद्र दोघेही स्वातीत होते. २१ ऑक्टोबर २०२५ रोजी मात्र ते चित्रेत होते.) दुकानाच्या उद्घाटनासाठी असा दिवस कोणी ज्योतिषी काढून देणार नाही. अशा रात्री चोविसाव्या तीर्थंकरांना मोक्ष प्राप्त झाला.

त्याच रात्रीची आणखी एक घटना परंपरेने जतन केली आहे. प्रभूंच्या जन्मनक्षत्रात, हस्तोत्तरेत, भस्मराशी नावाचा ग्रह प्रवेश करणार होता आणि त्याचा प्रभाव २००० वर्षे राहणार होता. संघाला पीडा होऊ नये म्हणून शक्रेंद्राने प्रभूंना विनविले की, त्यांनी आपले आयुष्य क्षणभर वाढवावे, म्हणजे ग्रहाचे बळ निष्फळ होईल. प्रभूंनी नकार दिला. आयुष्यकर्म पूर्ण झाल्यावर एक क्षणही वाढवणे तीर्थंकरांनाही शक्य नसते, असे त्यांनी इंद्राला सांगितले. ग्रहाचा प्रवेश त्यांनी नाकारला नाही, हेही ध्यानात घ्यावे. केवळ त्याच्यासाठी वेळ बदलण्याचे त्यांनी नाकारले.

डॉक्टरांनी तातडीची म्हणून सांगितलेली शस्त्रक्रिया ‘नक्षत्र बदलू दे’ म्हणून दोन-तीन दिवस लांबवली जाते, अशी उदाहरणे समाजात घडतात. विवाहाचा वा वास्तूचा दिवस पंचांग पाहून ठरवण्यात काही गैर नाही. चार आप्तांना एकत्र येण्यासाठी एक ठरलेली वेळ लागतेच. परंतु रुग्णाच्या खाटेशी उभे राहून पंचांग उघडणाऱ्याने शक्रेंद्राला मिळालेले उत्तर एकदा आठवावे.

निर्वाणसमयी गणधर गौतमस्वामी जवळ नव्हते. देवशर्मा ब्राह्मणाला प्रतिबोध देण्यासाठी प्रभूंनीच त्यांना पाठवले होते. परतीच्या वाटेवर वार्ता कळताच ते शोकाकुल झाले. मग आपल्या रागाचे, त्या प्रेमबंधनाचे स्वरूप त्यांना उमगले आणि पहाटे त्यांना केवलज्ञान झाले. प्रतिपदेला नव्या वहीच्या पहिल्या पानावर व्यापारी गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्राची ऋद्धी मागतात. आदल्या रात्री चंद्र ज्या नक्षत्रात होता, त्याच्याकडे त्या पानावर काहीच मागितलेले नसते.